उखर्डूचा उशीर

पारोळ्याच्या इसाक मास्तरला शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या, त्या त्याला पचतात. फक्त ताल चुकवू नका. चुकलेला ताल त्याला घासात खडा आल्यासारखा लागतो, आणि जिथे लागेल तिथेच तो बोलून मोकळा होतो. समोर नवरदेव आहे की नवरदेवाचा मामा, हे तो बघत नाही. बघणार तरी कसा? बेंजो हातात आला की त्याचे डोळे मिटतात, ते वरात दारात पोचल्यावरच उघडतात.

बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं लावलेली तारांची पेटी. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पत्तीने तारा छेडायच्या. तीस वर्षं इसाक हेच करत आला, आणि तीस वर्षं त्याच्या जोडीला दुसरा बेंजो होता उखर्डूचा. उखर्डू दिवसभर शिंपीकाम करायचा आणि लग्नसराई आली की मशीनवर कापड झाकून निघायचा. इसाक ओळ टाकायचा, उखर्डू तीच ओळ उचलून परत द्यायचा. स्पीकरच्या गाड्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘इसाक-उखर्डू बेंजो पार्टी, पारोळा’. धुळे-जळगावात बेंजो पार्ट्यांना तोटा नाही, पण ही जोडी ऐकायला लोक जेवणाची पंगत सोडून उठायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

ती जोडी मोडली दोंडाईचाला, मागच्या हिवाळ्यात. वरात रंगात आलेली, इसाकने ओळ टाकली आणि उत्तर येईना. उखर्डूची ही जुनीच खोड. नेहमी जरासा उशिरा यायचा, कधी थोडा, कधी फार. इसाक त्यावरून त्याला चहाच्या टपरीवर टोचायचा, एसटीत टोचायचा, घरी जेवायला बोलावून ताटावरसुद्धा टोचायचा, आणि उखर्डू नुसता हसायचा. पण त्या दिवशी इसाकच्या तोंडासमोर माइक होता. त्याने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, “उखर्डू, झोप झाली का?”

अख्खी वरात हसली. उखर्डूने उत्तर वाजवलं, वरात दारापर्यंत नेली, एक सूर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. मग बेंजो खोळीत घातला आणि स्टेशनचा रस्ता धरला. अमळनेरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. पार्टीचा टेम्पो दारात उभा होता, त्यात तो बसला नाही.

दोघांच्या घरांमध्ये गल्ल्या फक्त तीन, पण सहा महिने कुणी त्या ओलांडल्या नाहीत. मदिनाने, म्हणजे इसाकच्या बायकोने, चार वेळा सांगून पाहिलं की जा, दोन शब्द बोलून ये. इसाकचं एकच, उशिरा तो आला, मी का जाऊ? बरं, आतून माणूस सुकत चाललेला. बाजारात उखर्डूची टोपी दिसली की हा भाजी न घेता परत फिरायचा आणि घरी येऊन भाजी महाग झाली म्हणून सांगायचा.

आता इथे जावईबापू येतात. इसाकच्या लेकीचा, मिसबाहचा नवरा अल्तमश धुळ्याला अॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. एरवी त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दात उपटण्याचं काम, पण सर्किटचा विषय निघाला की थांबत नाही. फावल्या वेळात तो गिटारवाल्या पोरांसाठी पायाने चालवायचे डबे बनवतो, काही आवाज घुमवणारे, काही फाडणारे. त्याने एक नवीनच प्रकार केला. तुम्ही वाजवलेली ओळ हा डबा धरून ठेवायचा आणि ठरल्या वेळाने जशीच्या तशी परत वाजवायचा, पाहिजे तर एकीवर एक चार थर चढवायचा. अजून प्रयोगच चालला होता. बाहेरचं खोकं म्हणून मिसबाहचा मिसळणाचा स्टीलचा डबा लागला होता, त्यामुळे गरम झाला की त्याला अजून जिऱ्याचा वास यायचा. मधोमध पायाने दाबायचं बटण, कडेला तीन खुंट्या, आणि खुंटी किती फिरवायची त्याच्या खुणा नेलपॉलिशच्या. तो डबा घेऊन एक दिवस अल्तमश सासऱ्याकडे पारोळ्याला आला.

इसाकने ओळ टाकली. डब्याने ती परत दिली. वेळेवर. दुसरी टाकली, ती वेळेवर. इसाकने वीस ओळी टाकल्या, वाकड्या टाकल्या, तिरक्या टाकल्या, डबा एकदाही चुकला नाही. मास्तरचा चेहरा असा खुलला की मदिना स्वयंपाकघरातून बघायला आली. हा चहा मागत नाही, रुसत नाही आणि वेळेवर येतो, असं त्याने तिला ऐकवलं. मदिना म्हणाली, चहा मागत नाही तो माणूस नव्हे, आणि आत निघून गेली. तिच्याकडे लक्ष देतो कोण.

पुढच्याच पंधरवड्यात असोद्याचं लग्न होतं. पुष्पाबाईंचा नातू स्वप्नील घोड्यावर बसणार होता. या घरातली दोन लग्नं आधी याच जोडीने वाजवलेली, त्यामुळे पुष्पाबाईंनी फोनवर बजावलं होतं की जोडीच पाहिजे. जोडीच आणतो अक्का, असं इसाकने सांगितलं आणि कोणाची ते गिळून टाकलं. मनात त्याने पक्कं ठरवलं होतं. असोदा निभलं, की परत आल्या आल्या पेंटरला बोलवायचं आणि गाड्यावरचं ‘उखर्डू’ पुसून टाकायचं. पेंटरला तसा निरोपही गेला होता. निरोप गेल्यापासून आपल्याला जेवण का जात नाही, याचा मात्र त्याला पत्ता लागेना. उन्हाळा फार आहे, असं तो म्हणायचा.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी गाडा असोद्यात उभा राहिला. इसाक पुढे, पायाशी डबा, मागे पॅडवर नवल आणि ढोलावर भूषण. अल्तमश वायरी सांभाळायला मुद्दाम धुळ्याहून आलेला. पुष्पाबाईंच्या घराण्यात एक रीत आहे. हळदीला आणि दुसऱ्या दिवशी वरातीत नवरदेवाची फुई, म्हणजे वडिलांची बहीण, पेटत्या दिव्याचं ताट डोक्यावर घेऊन नाचते. बेंजोची एक ओळ, तिच्यावर तिने पुढे यायचं. ओळीचं उत्तर आलं, की गिरकी घेऊन मागे जायचं. बाकीच्या बायका तिच्यामागे. दिवा विझू द्यायचा नाही, एवढाच नियम.

रत्नाफुईने ताट डोक्यावर घेतलं. इसाकने डोळे मिटून ओळ टाकली, काय टाकली म्हणून सांगू, सोनं. डब्याने ठरल्या क्षणी उत्तर दिलं. रत्ना अजून पुढचंच पाऊल टाकत होती. तिने घाईने गिरकी घेतली, मागची बाई तिच्यावर आली, तेल सांडलं. पुन्हा ओळ, पुन्हा उत्तर, आणि आता रत्ना आधीच वळून उभी. तिसऱ्या ओळीला दिवा विझला. बायका आधी हसल्या, मग एकमेकींच्या पायांत आल्या, मग एकेक करून कडेला जाऊन पदराने वारा घेऊ लागल्या. मैदान रिकामं झालं आणि इसाक डोळे मिटून वाजवतोच आहे, डबा उत्तर देतोच आहे. शेवटी भूषणने ढोल थांबवला तेव्हा मास्तरने डोळे उघडले. समोर धूळ आणि दोन कुत्री.

पुष्पाबाई सत्तरीपार गेलेल्या, पण आवाजात जरब. त्या गाड्याजवळ आल्या, डब्याकडे वाकून पाहिलं आणि शांतपणे बोलल्या, “इसाकभाऊ, तुमचा डबा गोड वाजतो. पण तो कुणासाठी थांबत नाही. उखर्डूभाऊ कुठे आहेत?”

 तब्येत बरी नाही, असं काहीतरी खोटंच इसाक पुटपुटला आणि डब्याची वायर उगाच गुंडाळू लागला. उद्या वरात. हिच्या नातवाच्या वरातीत असं झालं, तर असोद्यातच काय, पार भुसावळपर्यंत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

पार्टीला केळीच्या खोक्यांच्या शेडमध्ये उतरवलं होतं. सकाळी इसाक उठला तर अल्तमश एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकडे मांडत बसलेला, हातात मोबाइल. पुष्पाबाईंच्या धाकट्या मुलाच्या लग्नाची जुनी सीडी होती, ती त्याने घरच्यांकडून मोबाइलवर उतरवून घेतली होती. उखर्डूचाचा किती उशिरा येतात ते मोजतो, म्हणाला, म्हणजे खुंटी तेवढी फिरवली की झालं. इसाकला ते पटलं. उशीरच पाहिजे ना लोकांना, घ्या, डब्यात उशीर घालून देऊ.

“पण आकडाच सापडत नाही, अब्बू,” अल्तमश म्हणाला. “दर वेळी वेगळा येतो. एकासारखा दुसरा नाही.”

इसाकने मोबाइल हातात घेतला. पडद्यावर आधी त्याला तो स्वतःच दिसला, काळ्याभोर केसांचा, डोळे मिटून डोलणारा, आणि खरं सांगायचं तर दोन मिनिटं तो स्वतःलाच बघत बसला. अल्तमशने हळूच बोट लावून चित्र थांबवलं, शेजारचा माणूस दाखवला आणि चित्र पुन्हा चालू केलं.

उखर्डूचे डोळे उघडे होते. मान लांब करून तो समोर बघत होता. समोर त्या वेळची फुई कमलबाई, अंगाने जड, गुडघे दुखरे, डोक्यावर दिव्याचं ताट. इसाकची ओळ संपली. उखर्डूचा पत्तीचा हात तारेवर तसाच थांबला. कमलबाईंनी एक पाय टेकवला, मग दुसरा, दिव्याची ज्योत हलली, सरळ झाली, आणि मग त्याचा हात खाली आला. त्या उत्तरावर कमलबाई अशा फिरल्या की गुडघे दुखरे आहेत हे कुणाला खरं वाटू नये. पुढच्या वेळी त्या दमल्या होत्या, तो जास्त थांबला. त्याच्या पुढच्या वेळी कुणाची तरी लहान पोरगी मध्ये आली, तिला उचलून घेईपर्यंत थांबला.

इसाकने ते तीनदा पाहिलं. सगळी वरात उखर्डूच्या हातावर नाचत होती आणि आपल्याला तीस वर्षं वाटत होतं की ती आपल्या बोटांवर नाचते. त्याला लाज वाटली. दुसरा शब्द नाही, लाजच. पुठ्ठ्यावरचे आकडे त्याने एकदा पाहिले, मग पुठ्ठा उलटा ठेवला आणि अल्तमशला मोटारसायकल काढायला सांगितली. डबा घे, तपासणीचा छोटा स्पीकर घे आणि चल. वरात पाचला होती, वाजले होते साडेसात.

पारोळ्याला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. उखर्डूचं दुकान उघडं, तो मशीनवर, पायाखाली पायटा चाललेला. इसाकला दारात बघून त्याने मान वर केली नाही, की पायही थांबवला नाही. बाही पूर्ण शिवली, दोरा तोडला, मग स्टुलाकडे हात केला. कोकिळावहिनी आतून बाहेर आल्या. गल्ली रुंद झाली होती का मधल्या काळात, एवढंच त्यांनी इसाकला विचारलं आणि चहा टाकायला गेल्या.

तीन गल्ल्यांवरून यायला सहा महिने लावलेला माणूस स्टुलावर टेकला. मग तो शहरातलं बोलणं सोडून दोघांच्या गावाकडच्या बोलीवर आला आणि दोंडाईचाला समोर कोण नाचत होतं ते विचारलं.

“नवरदेवनी आजी,” उखर्डू म्हणाला. “तिले दिखे नही, म्हनीसन थांबनू.”

“तीस वरीसमा माले सांगं का नही?”

उखर्डूने सुईत अडकलेला दोरा काढला. तो रागावलेला दिसत नव्हता, आणि त्याचंच इसाकला जास्त लागलं.

“तू डोया मिटीसन वाजाडस,” तो म्हणाला. “गोड वाजाडस. उघडाले कसं सांगू?”

इसाकने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मन्हं चुकनं,” म्हणाला. आयुष्यात हे दोन शब्द त्याच्या तोंडून ऐकलेला माणूस मला तरी माहीत नाही. अल्तमशने तर आपण ऐकलंच नाही असं दाखवायला बटणांची बरणी न्याहाळायला सुरुवात केली.

मग इसाकला घाई झाली. ऊठ, बेंजो घे, पाचला वरात आहे, पुष्पाअक्का वाट बघतायत. उखर्डू जागचा हलला नाही. त्याने डावा हात पुढे केला. दोन बोटांची पेरं सुजून वाकडी झालेली. थंडी सरता सरता ही अशी झाली, म्हणाला. कापड धरवतं, बेंजोचं बटण दाबलं जात नाही. दाबलं तर सुटत नाही. भिंतीवर त्याचा बेंजो टांगलेला होता, त्याने स्वतः शिवलेल्या निळ्या खोळीत, आणि खोळीवर धूळ नव्हती.

इसाक त्या बोटांकडे बघत राहिला. सहा महिने हा अडून बसला होता आणि तेवढ्यात इकडे बोटं गेली. थंडीत आलो असतो तर निदान एक लग्नसराई मिळाली असती, हे त्याच्या डोक्यात आलं आणि त्याचे डोळे भरले. कोकिळावहिनींनी चहा आणून ठेवला, तो कुणी उचलला नाही.

बोलला तो अल्तमश. बोलला म्हणजे काय, खाली बसला. पिशवीतून मिसळणाचा डबा काढला, झाकण उघडलं, आतली एक बारीक पट्टी इकडची तिकडे सरकवली आणि डबा मशीनच्या पायट्याशेजारी ठेवला. आतापर्यंत कधी उत्तर द्यायचं ते डबा ठरवत होता, त्याने समजावलं. आता नाही ठरवणार. ओळ धरून ठेवेल आणि पाय पडेल तेव्हाच सोडेल. तो पाय कुणाचा असावा, एवढाच प्रश्न आहे.

भिंतीवरचा बेंजो इसाकने काढला आणि वायर लावली. तारा सुरात होत्या, म्हणजे न वाजवता हा रोज जुळवत होता. इसाकने ओळ टाकली. उखर्डूने चप्पल काढली, अंगठा डब्यावर टेकवला आणि दाराबाहेर पाहिलं. गल्लीतून एक म्हातारी डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन चालली होती. ती उंबऱ्यासमोरचा दगड चुकवून पुढे गेली आणि तिचा पाय सपाट जमिनीवर पडला, तेव्हा डबा वाजला. चाळीस वर्षं मशीन चालवलेला पाय तो, टाक्यावर थांबणारा आणि टाक्यावर सुटणारा. उखर्डू हसला. चहा गार झाला की रे, म्हणाला, आणि एका घोटात पिऊन टाकला.

पाचच्या वरातीला तो गाड्याच्या मागच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीवर, नाचणाऱ्यांकडे तोंड करून बसला, अनवाणी पाय डब्यावर. आपण फार काही करत नाही, नुसते बसलोय, असा त्याचा चेहरा. त्याला बघून पुष्पाबाईंनी तब्येतीची चौकशी केली. त्याने इसाककडे एकदा पाहिलं आणि आता बरी आहे म्हणून सांगून टाकलं.

रत्नाफुई आली. ओळ गेली, रत्नाचं पाऊल पडलं, डब्यावर उखर्डूचा पाय पडला, गिरकी. काल कडेला जाऊन बसलेल्या बायका आज कडेला उभ्या राहायला तयार नव्हत्या. रत्नाने मुद्दाम पाऊल लांबवून बघितलं, डबा थांबला. झटकन टाकून बघितलं, डबा झटकन आला. ती खदखदून हसायला लागली. स्वप्नील घोड्यावरून वाकून बघत होता की आज वाजवतंय कोण.

चौकात आल्यावर पुष्पाबाई पुढे झाल्या आणि लेकीच्या डोक्यावरचं ताट त्यांनी आपल्या डोक्यावर घेतलं. रीतीत हे बसत नव्हतं, पण त्यांना अडवणार कोण? ढोल हलका झाला. इसाकने ओळ टाकली, तीस वर्षांतली सगळ्यात साधी ओळ, आणि थांबला.

उत्तर येईना. पुष्पाबाईंनी एक पाऊल टाकलं आणि तोल सावरत तिथेच उभ्या राहिल्या. नवलने पॅडवरून हात उचलला आणि धास्तीने मास्तरकडे पाहिलं. भूषणनेही पाहिलं. मास्तरच्या तोंडासमोर माइक होता.

इसाकने डोळे उघडले. मागे वळून पाहिलं. उखर्डूचा पाय डब्याच्या वर बोटभर अंतरावर थांबलेला, नजर म्हातारीच्या पावलावर. ज्योत हलत होती. इसाकने तोंड माइकजवळ नेलं.

“उखर्डू,” तो म्हणाला, “होऊ दे सावकाश. आम्ही आहोत.”

कुणी हसलं नाही. पुष्पाबाईंनी दुसरा पाय टेकवला, ज्योत सरळ झाली, आणि उखर्डूचा पाय खाली आला.

पुढची सगळी वरात इसाकने मागे बघतच वाजवली. त्यात त्याची दोन बटणं चुकली. दुसऱ्या दिवशी पेंटर निरोपाप्रमाणे ब्रश घेऊन दारात आला, तेव्हा मास्तरने त्याला चहा पाजला आणि उन्हाने फिकट पडलेलं ‘उखर्डू’ पुन्हा लाल भरून घेतलं. तो रंग वाळेपर्यंत दोघे मित्र गाड्याजवळ बसून होते.